हिवाळे सिस्टरांचा लाकडाचा दवाखाना

परतुरात आमचं हार्डवेअरचं दुकान आहे आणि त्या दुकानाच्या काउंटरला एक ड्रॉवर आहे. आषाढात तो जो मिटतो, तो दसऱ्याशिवाय तोंड उघडत नाही. मधल्या काळात त्याला बैलजोडी जुंपा, तालमीतला पहिलवान लावा, काउंटर भिंतीसकट पुढं येईल पण ड्रॉवर यायचा नाही. नवं गिऱ्हाईक विचारतं, "शेठ, रंधा का मारून घेत न्हाई याला?" मी म्हणतो, "सिस्टरांनी नको म्हणलंय." ते बिचारं माझ्याकडं बघतं, ड्रॉवरकडं बघतं, आणि खिळे घेऊन जल्दी चालू लागतं.

सिस्टर म्हणजे हिवाळे सिस्टर. आता त्या नाहीत. पण त्यांनी सांगितलेलं पथ्य मी अजून पाळतो. असतील तिथून त्या माझ्या ड्रॉवरवर टिचकी मारून बघत असतील, याबद्दल माझ्या मनात बिलकुल शंका नाही.

सिस्टर आमच्या सरकारी दवाखान्यात नर्स होत्या. ठेंगण्या, सावळ्या, आणि चालायच्या अशा की कुठंतरी आग लागलीय आणि विझवायचं काम आपल्याच गळ्यात आहे. तालुक्यातली अर्धी प्रजा त्यांच्या हातावर जन्मली आणि उरलेली अर्धी त्यांच्या धाकानं. अडलेल्या बाईच्या कानाशी लागून त्या असं काही बोलायच्या, की पोरगं आतून ऐकायचं आणि घाबरून बाहेर यायचं. हे मी ऐकलेलं सांगतो. पण सांगणारी बाई खोटं बोलणारी नव्हती, आणि मी तर नाहीच नाही.

त्या रिटायर झाल्या, शाल-नारळ झाला, भाषणं झाली, आणि दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधी सिस्टर शटरसमोर उभ्या.

"दत्ताभाऊ, एक करवत द्या."

"करवत? कशाला, सिस्टर?"

"करवतीनं काय करतेत? कापायला."

कोणाला, हा शब्द माझ्या जिभेवर आल्ता. मी तो गिळला, कारण त्यांचे यजमान किसनराव माझे दोस्त होते.

"उभा जन्म ओरडणारे पेशंट सांभाळले," सिस्टर म्हणाल्या. "आता न ओरडणारे पाहिजेत. लाकडाचं काम शिकणार आहे मी. घरच्या घरी. तुमच्याकडं काय काय असतंय ते काढा."

मी करवत काढली, रंधा काढला, भोकं कोरायची पटाशी काढली, काटकोन तपासायचा गुण्या काढला. सिस्टरांनी एकेक वस्तू नाकाशी धरून, धारेवर अंगठा फिरवून अशी तपासली, की माझ्या दुकानातल्या हातोड्यासुद्धा सरळ उभ्या राहिल्या. मग पिशवीत घालून घेऊन गेल्या. चार दिवसांनी परत.

"तुमची पटाशी गंजली."

"शक्य न्हाई. काय केलं तुम्ही तिला?"

"काय म्हणजे? वापरायच्या आधी उकळली."

मी खुर्चीवरून पडलो. खरंच पडलो; पायाला लागलेलं त्यांनीच बांधलं. बांधता बांधता म्हणाल्या, "मंग धुवायची तरी का न्हाई?" मी म्हणालो, "सिस्टर, लाकडाला जंतू होत न्हाईत. हत्याराला उकळायचं न्हाई, तेल लावायचं." त्यांनी मान डोलावली. तेव्हापासून त्यांची पटाशी तेलात भिजवलेल्या गॉजमध्ये गुंडाळलेली असायची, बाळंतिणीच्या शेजारी ठेवलेल्या पोरासारखी.

सिस्टरांचं घर गावाच्या टोकाला, रेल्वेच्या रुळाला लागून. मधे फक्त रेल्वेची भिंत. अंगणात एक कडुलिंब, त्याखाली पत्र्याची शेड, आणि शेडमध्ये दवाखान्याच्या लिलावातून आणलेलं तपासणीचं जुनं टेबल. सुतार ज्यावर लाकूड रंधतो तो ठोकळा लोकांच्या घरी असतो. सिस्टरांचं लाकूड तपासणीच्या टेबलावर उताणं झोपायचं. फळी आली की सिस्टर आधी हत्याराला हात लावत नसत. नुसता तळवा फिरवायच्या. इकडून तिकडं, तिकडून इकडं. डोळे मिटून. मग एका जागी थांबायच्या आणि म्हणायच्या, "ह्या कुशीवर झोपतंय बघा हे."

रंधा त्याच कुशीनं फिरवायचा. उलट फिरवला तर रेषा उखडतात, लाकूड ओरबाडल्यासारखं होतं. "उलट्या अंगानं हात फिरवला तर मांजरबी फिसकारतं," सिस्टर म्हणायच्या. "लाकडाचं काय चुकलं?" मग कानाला दवाखान्यातली नळी लावून, बोटानं टिचक्या मारत, फळीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जायच्या. आत चीर असेल तर आवाज बद्द येतो. चांगल्या लाकडाचा टण्ण. मी म्हणायचो, "सिस्टर, मेलेल्या लाकडाला नळी लावता?" त्या नळी काढायच्या आणि शांतपणे म्हणायच्या,

"लाकूड मेलेलं नसतंय, दत्ताभाऊ. बेशुद्ध असतंय."

दुपारी त्या शेडमध्ये जाऊन बसायचं म्हणजे एक वेगळाच मुलूख होता. बाहेर रस्त्यावर कापसाच्या गाड्यांचा धुरळा, हमालांच्या शिव्या. आणि इथं लिंबाच्या सावलीत रंध्याचा तो आवाज. श्श्श... श्श्श... झोपलेल्या गावानं श्वास घ्यावा तसा. रंध्याच्या तोंडातून लाकडाच्या पातळ साली गुंडाळत बाहेर यायच्या. सिस्टरांचा हात बसल्यावर त्या साली इतक्या पातळ निघायला लागल्या, की एक साल वाऱ्यावर उडाली ती थेट वाटूर गावापर्यंत गेली आणि तिथं एका बाईनं कांद्याचं टरफल समजून झाडून टाकली. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं नाही. पण अंगणात पाय बुडतील एवढ्या साली साठायच्या, त्यावर ऊन पडायचं, सगळं अंगण सोन्याच्या पाण्यानं भरल्यासारखं व्हायचं, आणि त्यात सिस्टरांची कोंबडी पोहत फिरायची, हे मात्र पाहिलं. त्या सालींच्या वासानं माझ्यासारखा बोलका माणूस गप्प व्हायचा. यावर घरचे अजून विश्वास ठेवत नाहीत.

सुरुवातीला सिस्टरांनी पोळपाट केले. मग पुस्तकं ठेवायची घोडी, पाट, चौरंग, देव्हारे नव्हे पण बुद्धमूर्तीसाठी सुंदर कोनाडे. खिळा मात्र त्या वापरत नसत. एका लाकडाला भोक, दुसऱ्याला जीभ, जीभ भोकात, वरून लाकडाचीच खुंटी. सरस लावलेला जोड त्या सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्यांनी असा आवळायच्या, की जोड नव्हे, मोडलेला हात वाटावा. मी एवढा खिळे विकणारा माणूस, मला राग यायचा. "सिस्टर, माझ्या पोटावर पाय देऊन राह्यल्या तुम्ही."

"खिळ्यानं माणसाला चूक मागं घेता येत न्हाई, दत्ताभाऊ. खुंटी काढली की सगळं पुन्हा मोकळं."

वस्तू फुकट द्यायच्या, पण डिस्चार्ज दिल्याशिवाय नाही. "ओल्या फडक्यानं पुसायचं न्हाई. उन्हात ठेवायचं न्हाई. महिन्याला तेलाचं बोट. आन् सहा महिन्यांनी दाखवायला आणायचं." आणि लोक आणायचे! बायका काखेत पोळपाट घेऊन सिस्टरांच्या दारात ओळीनं बसायच्या. सिस्टर एकेकाला उलटा करून बघायच्या. "हे काय? भाजी चिरली यावर? लाज न्हाई वाटत?" पोळपाटाची मालकीण खाली मान घालायची. त्या बाईच्या नवऱ्याला जन्मात जे जमलं नाही, ते पोळपाटानं करून दाखवलं.

माझा ड्रॉवर त्याच दिवसांतला. भर मे महिन्यात त्यांनी तो करून दिला. बोटानं ढकलला तर लोण्यासारखा आत, ओढला तर लोण्यासारखा बाहेर. मी त्यात चष्मा ठेवायला लागलो. आषाढ लागला, चार सरी झाल्या, आणि ड्रॉवर बंद झाला तो झालाच. चष्मा आत! मी धावत सिस्टरांकडं. त्या नळी घेऊन आल्या, टिचक्या मारल्या, हात फिरवला.

"सूज आलीय."

"मंग रंधा मारा!"

"बिलकुल न्हाई. मे महिन्यात अंगातलं सगळं पाणी आटलेलं, तेव्हा मी माप घेतलं. चूक माझी. आता पाणी प्यालंय ते. उतरू द्या. आता छाटलं तर उन्हाळ्यात खुळखुळ वाजंल."

"अन् माझा चश्मा?"

"दसऱ्याला मिळंल."

तो सगळा पावसाळा मी चष्म्याशिवाय दुकान चालवलं. बिजागऱ्या मागणाऱ्याला कड्या दिल्या, कड्या मागणाऱ्याला बिजागऱ्या. एका घराचा दरवाजा वरच्या बाजूला उघडायला लागला म्हणे. दसऱ्याच्या सकाळी मी दुकानाची पूजा करतोय, हळद-कुंकू वाहतोय, आणि ड्रॉवरनं एक शिंक दिली. अशी शिंक, की आतला चष्मा उडून माझ्या नाकावर बसला. बराबर बसला.

इथवर हसण्याचं. आता किसनरावांचं सांगतो.

सिस्टरांचे यजमान किसनराव रेल्वेत गेटमन होते. त्यांचं फाटक घरापासून हाकेच्या अंतरावर. गाडी यायच्या आधी फाटक लावायचं, गाडी जाताना हिरवी झेंडी दाखवायची, गाडी गेली की फाटक उघडायचं. एवढंच काम, पण आयुष्यभर ते त्यांनी असं केलं जणू गाडी त्यांच्या झेंडीवरच चालते. पुढं तिथं रुळाखालून रस्ता काढला, फाटक काढून टाकलं, किसनरावही रिटायर झाले. आणि मग त्यांना लकवा मारला. उजवं अंग गेलं. बोलणं जवळजवळ गेलं. आणि डोक्यातली वर्षं अशी मागं सरकली, की ते पुन्हा ड्युटीवर हजर झाले.

रुळ भिंतीपलीकडं. गाडी यायची ती दिवसातून कितीदा तरी. गाडीनं भोंगा दिला की खाटेवरचे किसनराव धडपडायला लागायचे. डाव्या हातानं खाटेची कड धरून उठायचे. तोंडातून एकच शब्द, "गेट! गेट!" फाटक उघडं राहिलंय, माणसं रुळावर आहेत, आणि आपण खाटेवर पडलोय. सिस्टर धरायच्या, समजवायच्या. पण सिस्टर चुलीपाशी असल्या, न्हाणीत असल्या, की ते पडायचे. एकदा कपाळ फुटलं. सिस्टरांनीच टाके घातले. जन्मभर लोकांचे टाके घातलेल्या त्या बाईनं त्या दिवशी सुईत दोरा माझ्याकडून ओवून घेतला, आणि यात मी काहीही वाढवून सांगत नाही.

मुलगा मिलिंद संभाजीनगरला कारखान्यात. चांगला पोरगा. तो आला, बापाचं कपाळ पाहिलं आणि अंगणात येऊन आईला म्हणाला, "आई, आता बास. दोघंबी माझ्याकडं चला. तिसऱ्या मजल्यावर घर हाय. गाडीचा आवाजच न्हाई तिथं."

"आवाज न्हाई तिथं ह्यो माणूस काय ऐकंल?"

"पडणार तर न्हाईत!"

"पडणार न्हाईत. पण सरकत सरकत पार निघून जातील, मिल्या. आता निदान ड्युटीवर तरी हायेत."

मिलिंद रडवेला झाला. शेवटी ठरलं ते असं, की दिवाळीला तो गाडी घेऊन येणार. तोवर आईनं काहीतरी उपाय केला आणि बाबांचं पडणं थांबलं, तर तो एकटा परत जाईल. नाही तर दोघांना घेऊन जाईल. सिस्टरांनी मान डोलावली. तो गेल्यावर बराच वेळ त्या टेबलावरच्या फळीवर नुसता तळवा फिरवत बसल्या. मग म्हणाल्या,

"दत्ताभाऊ, ह्यांना आवाज येतोय आन् गाडी दिसत न्हाई, म्हणून उठतेत. दिसली तर उठायची गरज काय?"

घराचा ओटा उंच होता. त्यावर एक खुर्ची ठेवायची. एवढी उंच, की बसल्या जागी नजर भिंतीच्या वरून रुळावर जाईल. एवढी मजबूत, की किसनराव भोंग्यासरशी उसळले तरी ती हलणार नाही. आणि त्यांना चारी बाजूंनी धरून ठेवेल, पण बांधल्यासारखं वाटणार नाही. "पेशंटला बांधायचं न्हाई," त्या म्हणाल्या. "बांधलेला माणूस जास्त जोर करतो."

लाकूड वडीगोद्रीहून आलं. सिस्टरांच्या माहेरी वडलांची जुनी बैलगाडी गोठ्यात पडून होती. बाभळीची. वर्षानुवर्षं वाळून असं झालेलं लाकूड, की टिचकी मारली तर देवळातली घंटा वाटावी. भावानं विचारलं, "अक्का, हे घेऊन काय करती?" सिस्टर म्हणाल्या, "तुझ्या दाजींना गाडीत बसवायचंय."

मे महिनाभर सिस्टर त्या बाभळीशी झुंजल्या. बाभूळ म्हणजे काय असतं विचारा! माझ्या दुकानातल्या करवतींनी तिचं नाव ऐकून दात टाकले. एक पटाशी तर रजेवर गेली ती परतच आली नाही. पण खुर्ची झाली. देखणी झाली. आळीतले लोक बघायला आले, कोणी नारळ आणला. किसनरावांना मी आणि शेजारच्या गणपतनं उचलून बसवलं.

आणि किसनराव हरवले. म्हणजे होते तिथंच, पण खुर्चीत कुठं पत्ता लागेना. बैठक एवढी खोल, की पाठ टेकवावी तर पाय पोरासारखे हवेत, आणि पाय टेकवावेत तर पाठ अधांतरी. हात खुर्चीच्या दांड्यांवर पोचेनात. तेवढ्यात गाडीनं भोंगा दिला. "गेट!" किसनराव उसळले, बैठकीवरून घसरले, आणि सरळ माझ्यावर आले. मी नसतो तर ओट्यावरून खाली गेले असते. माझं एक हाड अजून ढग आले की त्या दिवसाची आठवण काढतं.

किसनरावांना आम्ही परत खाटेवर निजवलं, लोक पांगले. सिस्टर खुर्चीच्या पायापाशी बसून राहिल्या. मी विचारलं, "सिस्टर, माप कसं घेतलं?"

"जसं जन्मभर घेतलं तसं. झोपवून. डोक्यापासून कमरेपर्यंत, कमरेपासून गुडघ्यापर्यंत, गुडघ्यापासून टाचेपर्यंत. बाळाचं झोपवूनच घेतेत न माप."

मी काही बोलणार, तेवढ्यात खाटेवरून आवाज आला. जडावलेला, तुटक, पण लखलखीत. किती महिन्यांनी किसनराव 'गेट' सोडून काहीतरी बोलत होते.

"मी... काय मढं हाय का... झोपवून मोजाया?"

सिस्टरांनी माझ्याकडं पाहिलं. मी त्यांच्याकडं. आणि मग त्या अशा हसल्या, अशा हसल्या, की कोंबडी लिंबावर जाऊन बसली. हसता हसता डोळ्यांना पदर लावला आणि तो बराच वेळ काढला नाही.

बसलेला माणूस म्हणजे घडी घातलेला माणूस. पण न बसता येणाऱ्या माणसाचं बसलेलं माप घ्यायचं कसं? मी उशा सुचवल्या, पोती सुचवली. सिस्टरांनी एक ऐकलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी ओट्यावर घराच्या भिंतीला पाठ टेकली, आम्हाला सांगितलं, "आणा ह्यांना." मी आणि गणपतनं किसनरावांना उचलून त्यांच्या पुढ्यात बसवलं. सिस्टरांनी त्यांची पाठ आपल्या छातीशी घेतली, दोन्ही गुडघे त्यांच्या दोन्ही अंगाला उभे केले, दोन्ही हात त्यांच्या हातांखालून काढून पुढं धरले. किसनरावांचं डोकं मागं झुकलं आणि त्यांच्या खांद्यात बराबर बसलं.

"आता घ्या माप," सिस्टर म्हणाल्या.

"कोणाचं?"

"माझं. मीच खुर्ची हाय आत्ता."

मी टेप काढला. गणपत घरात पाणी प्यायला गेला तो विहीर संपवूनच येणार होता. मी कधी कावळ्याकडं बघत, कधी लिंबाकडं बघत सिस्टरांच्या कोपराची उंची घेतली, गुडघ्यांमधलं अंतर घेतलं, खांद्याचा उतार घेतला. गाडी आली. किसनराव ताठले, "गेट—" सिस्टर त्यांच्या कानाशी काहीतरी बोलल्या. अडलेल्या बायांच्या कानाशी बोलायच्या तेच असेल. गाडी जाईपर्यंत ते त्यांच्या हातांत थरथरत होते, पण उठले नाहीत. भिंतीवरून डब्यांची टपं तेवढी सरकत गेली. मग सगळं शांत झालं, लिंबाची पिवळी पानं दोघांच्या अंगावर पडत राहिली, आणि बघतो तर दोघंही झोपलेली. मी टेप गुंडाळला. त्याचा आवाजसुद्धा होऊ दिला नाही, आणि माझा हात आवाज न करता काही ठेवतो म्हणजे काय ते दुकानातल्या लोकांना विचारा.

पहिली खुर्ची सिस्टरांनी मोडली नाही, उलगडली. खुंट्या ठोकून काढल्या, खुर्ची पुन्हा फळ्या होऊन टेबलावर झोपली. नव्या मापानं नवी कापली. आणि यावेळी सिस्टरांनी माझ्या ड्रॉवरचं देणं फेडलं. नव्या खुंट्या त्यांनी कढईतल्या तापल्या वाळूत फुटाण्यासारख्या भाजल्या. लाकडातलं उरलंसुरलं पाणीसुद्धा उडालं. त्या गरम, कोरड्या, तहानलेल्या खुंट्या जोडात ठोकल्या.

"बसवायचं का ह्यांना?" मी विचारलं.

"टाके ओले हायेत. पाऊस पडू द्या. आता खुंट्या पाणी पितील, फुगतील, जोड आवळतील. दिवाळीपर्यंत कोणी हात लावायचा न्हाई."

"पण ह्या ओलीनं सगळंच सुजंल की!"

"खुंटी जास्त तहानलेली हाय, म्हणून ती जास्त सुजंल. तुमच्या चश्म्यानं शिकवलंय मला."

ते चार महिने मी कधी विसरणार नाही. ओट्यावर, पत्र्याखाली, खुर्ची रिकामी बसलेली. पाऊस येऊन गेला की तिच्यातून बारीक कुईं-कुईं आवाज यायचा. सिस्टर नळी लावून ऐकायच्या आणि म्हणायच्या, "घट्ट होतंय." खाटेवर किसनराव प्रत्येक भोंग्याला उठायचे आणि सिस्टर प्रत्येक भोंग्याला पळायच्या. तव्यावरच्या पोळ्या करपलेल्या, त्यांचे पाय सुजलेले. त्या फोनवर मिलिंदला सांगायच्या, "सगळं ठीक हाय," आणि माझ्याकडं बघायच्या नाहीत.

दिवाळीला मिलिंद गाडी घेऊन आला. डिकी रिकामी ठेवून आल्ता, दोघांच्या बोचक्यांसाठी. सिस्टरांनी आधी सगळ्यांना फराळ दिला. मग म्हणाल्या, "उचला ह्यांना."

किसनराव खुर्चीत बसले. बसले म्हणजे काय, पाण्यात दगड जावा तसे त्या जागेत गेले. पाठ टेकली, पाय खालच्या आडव्या फळीवर टेकले, डोकं एका उतारावर झुकून थांबलं. बाजूच्या दांड्या पुढं आलेल्या, मिठीतल्या हातांसारख्या. डाव्या हाताच्या दांडीत सिस्टरांनी एक भोक ठेवलं होतं. त्यात त्यांनी जुन्या पेटीतली हिरवी झेंडी काठीसकट रोवली आणि किसनरावांचा डावा हात तिच्यावर ठेवला.

मिलिंद उभा. गणपत उभा. मी उभा, तोंडात अर्धी करंजी. भोंगा झाला.

किसनराव उसळले. खुर्चीनं त्यांचा भार घेतला आणि एक शब्द न बोलता परत दिला. ते पुन्हा उसळणार, तेवढ्यात भिंतीच्या वर, लांबवर, इंजिन दिसलं. त्यांच्या तोंडातला "गे—" तिथंच थांबला. डाव्या हातानं काठी उचलली. झेंडी वर गेली. गाडी समोर आली, डबे, डबे, डबे, खिडक्यांतली तोंडं, आणि इंजिनवाल्यानं जाता जाता एक लहानसा भोंगा दिला. गणपत म्हणतो पुढं रुळावर म्हैस होती. गणपतला काय कळतं? मी सांगतो, तो भोंगा झेंडीला होता.

शेवटचा डबा गेला. किसनरावांनी झेंडी भोकात ठेवली, सगळ्यांकडं एकदा बघितलं आणि म्हणाले, "गेट बराबर." आणि जे झोपले, ते पुढच्या गाडीपर्यंत.

मिलिंद त्याच संध्याकाळी निघाला. रिकाम्या डिकीत सिस्टरांनी त्याला दोन पोळपाट आणि सुनेसाठी एक चौरंग घालून दिला. "उन्हात ठेवू नको," एवढंच म्हणाल्या.

त्यानंतर किसनराव किती तरी काळ त्या खुर्चीत ड्युटीवर होते. मी तर म्हणतो, आमच्या भागातल्या गाड्या त्या दिवसांत वेळेवर धावायच्या. स्टेशनातली माणसं हे मान्य करणार नाहीत. ते एकदाही पडले नाहीत. शेडमध्ये सिस्टरांचा रंधा पुन्हा श्श्श करायला लागला, आणि मधूनच भोंगा झाला की रंधा थांबायचा, गाडी जायची, "गेट बराबर" ऐकू यायचं, रंधा चालू. एका दुपारी गाडी गेली आणि ते शब्द आले नाहीत. सिस्टरांनी शेडमधून पाहिलं. झेंडी भोकात सरळ उभी होती. हात तेवढा खाली आल्ता.

मिलिंद पुन्हा न्यायला आला. सिस्टर म्हणाल्या, "हातातलं काम संपलं की येते." आणि हातात दर वेळी नवीन काम.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते गाडीतून. माल आणायला जालन्याला निघालो होतो. खिडकीची जागा मिळाली होती. भोंगा झाला, गाडी गावाच्या टोकाला आली आणि मला भिंतीच्या वरून तो ओटा दिसला. सिस्टर त्या खुर्चीत बसल्या होत्या. ठेंगण्या बाईला ती खुर्ची मोठी व्हायला पाहिजे होती, पण बराबर होती. माप त्यांचंच होतं. पाठ टेकलेली, डोकं त्या उतारावर. समोर दोन दांड्यांवर एक फळी आडवी ठेवलेली, हातात रंधा. मी खिडकीतून ओरडलो, "सिस्टर! ओ सिस्टर!" डब्यातली सगळी माणसं माझ्याकडं बघायला लागली. त्यांना ऐकू गेलं नसणार. पण भोंग्यासरशी त्यांचा रंधा थांबला. त्यांनी त्याच्या तोंडातली लांब साल हळूच ओढून काढली, मान वर न करता डाव्या हातानं उंच धरली. वारा लागला. ती साल उलगडली, उलगडत गेली, उन्हात पिवळी, आरपार, हातभर, मग दोन हात, आणि मी सांगतो म्हणून नाही, पण इंजिनपासून शेवटच्या डब्यापर्यंत अख्खी गाडी तिच्याखालून निघून गेली.